तोंडावरची बाई

सून उलट बोलत नाही, ही बाळाक्का ऐवळेची तक्रार होती.

गल्लीतल्या बाकीच्या सासवांना ती ऐकून आधी हसू यायचं आणि मग राग. "आमच्याकडं एका शब्दाला चार येतात, आणि तू रडतीस कशाला?" शेजारची म्हणायची.

"चार येतात म्हंजे घरात माणूस हाय हे कळतं तरी," बाळाक्का म्हणायची. "माझ्या घरात भिंत हाय. काय बी बोला, म्हणती, 'ठीक आहे आत्ती, नोंद घेतली.' मी काय तिच्याकडं अर्ज दिलाय व्हय?"

तनुजा आधी अशी नव्हती. लग्न होऊन आली त्या महिन्यात बाळाक्कानं आमटीला नाव ठेवलं, तर "मग उद्या तुम्हीच करा, मी बसून खाते" असं तोंडावर म्हणाली होती. बाळाक्का त्या दिवशी दोन घास जास्त जेवली होती. पण पोरीनं औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला, साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पात सुरक्षा अधिकारी होण्यासाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि तिची जीभ कुणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखी झाली. आवाज चढवायचा नाही, समोरचा बिथरेल असा शब्द काढायचा नाही, ठरलेलीच वाक्यं बोलायची, असं तिथं शिकवत. ती वाक्यं चपलांबरोबर घरात यायला लागली. परवा दूध उतू गेलं तर तनुजा सासूला म्हणाली, "कृपया बाजूला व्हा."

बाळाक्काची शाळा दुसरीतच सुटलेली. पण तोंड कसं वापरायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचं अर्धं आयुष्य त्याच कामात गेलं होतं.

महापुरानं बुडवायच्या आधी कृष्णाकाठी हळदीची पेवं होती. जमिनीत घागरीसारखी खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हळद भरून तोंड बंद करायचं. वर्षा-दोन वर्षांनी उघडलं की आतली हवा सडलेली असायची. कंदील सोडून बघायचे, तो जळत राहिला की दोराला बांधलेला माणूस उतरायचा, आणि वर पेवाच्या तोंडावर एक जण बसून त्याला साद घालायचा. खालच्यानं ओ द्यायचा. बाळाक्काच्या सासऱ्यानं तिला या कामाला बसवताना एकच गोष्ट सांगितली होती. "नुसत्या ओवर जाऊ नगंस. त्याला डिवच. शिव्या घाल. हवा पुरते तोवर माणूस चिडतो, उलट बोलतो. हवा कमी पडली की गोड होतो. गोड झाला की दोर ओढ."

म्हणून पेवाच्या तोंडावर तोंडाळ माणूसच बसवायचे. नव्या नवरीला त्या कामावर बसवलेलं बघून आधी लोक हसले, मग तिच्या शिव्या ऐकून गप्प झाले. 'तोंडावरची बाई' हे तिचं नाव पडलं. तिनं वर काढलेली माणसं अजून गावात फिरत होती. एकदाच ती चुकली होती. त्या एकदाबद्दल ती कुणाशी बोलत नसे, आणि म्हणून पेवांबद्दलही घरात कधी बोलली नव्हती.

एका रविवारी तनुजानं सरावासाठी कंठी घरी आणली. कंठी म्हणजे गळ्याला चिकटणारी बोटभर रुंदीची पट्टी. धीरज, तनुजाचा नवरा, त्याच प्रकल्पात कामाला होता. बंद टाक्यांत उतरून साफसफाई करणाऱ्या टोळीत. त्याच्या गळ्याला ती चिकटवून तनुजा सासूला समजावत बसली.

"आत्ती, पूर्वी माणूस उतरवायच्या आधी आतली हवा मोजायचे. वायूचं मीटर दोरीनं खाली सोडायचं. पण हवा या कोपऱ्यात एक असते, त्या कोपऱ्यात दुसरी. मीटर जिथं लोंबतंय तिथलीच कळणार. म्हणून आता हवा मोजतच नाहीत. थेट माणसाचं रक्त मोजतात."

"टोचून?"

"उजेडानं. ही पट्टी कातडीतून दोन रंगांचा उजेड आत सोडते. प्राणवायू भरलेलं रक्त लालभडक असतं, प्राणवायू संपलेलं काळपट. लाल किती आणि काळपट किती, ते उजेडावरनं कळतं. शंभरातलं पंच्याण्णव लाल असलं की माणूस ठणठणीत. मग हवा कसली का असेना."

बाळाक्कानं पट्टीकडं मान वाकडी करून बघितलं. "आन् रक्ताला कुणी लाली लावली तर?"

"आई, रक्त काय बोहल्यावर चढणार हाय व्हय?" धीरज भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला.

"तुझं तोंड बंद ठेव, घास पडंल."

"मग बोलू कसं?"

"बोलू नगंस, तेच सांगतीय चाळीस वर्षं."

धीरजनं घास तोंडात कोंबला. तनुजानं हातातल्या माइकवरचं विचारणेचं बटण दाबलं, आणि धीरजच्या भरल्या तोंडासमोर, त्याचे ओठ मिटलेले असताना, त्याचाच आवाज खोलीत उमटला. "ओ, ठीक आहे."

बाळाक्कानं आधी त्याच्या मिटलेल्या ओठांकडं बघितलं, मग पट्टीकडं.

"मिनिटामिनिटाला साद घातली की आतल्या माणसाचं काम अडतं," तनुजा म्हणाली. "म्हणून कंठी त्याचा आवाज शिकून घेते. वरून विचारणा गेली आणि आकडा बरोबर असला की त्याच्या वतीनं तीच ओ देते."

"काढ ते. आधी काढ गळ्यातनं." बाळाक्का उठून उभी राहिली. "माणसाचा ओ माणसानं द्यावा. दुसऱ्यानं दिलेला ओ काय कामाचा?"

तनुजाच्या कपाळावर क्षणभर आठी आली. बाळाक्का आशेनं बघत राहिली. पण आठी विरली. "ठीक आहे आत्ती," तनुजा म्हणाली, "नोंद घेतली."

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. प्रकल्पात मांडव घातला, कामगारांच्या घरच्यांना बोलावलं, गुलाबाचं फूल आणि नाश्त्याची पुडी देऊन पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. सगळ्यांनी हात पुढं करून सुरक्षेची शपथ म्हटली. बाळाक्कानं हात पुढं केला पण ओठ हलवले नाहीत. समोरचा जे वाचेल ते मागून म्हणायचं हे तिच्यानं होत नसे.

त्याच दिवशी तनुजाची शेवटची परीक्षा होती. बाहेरून मुळीक नावाचे परीक्षक आले होते. किडकिडीत, नेमस्त माणूस, हातात गुणांचा तक्ता. आज धीरज कोठीत उतरणार होता, त्याला उतरवण्याची आणि वर काढण्याची सगळी जबाबदारी तनुजाची. पास झाली तर कामगाराच्या घरातून आलेली या प्रकल्पातली ती पहिली सुरक्षा अधिकारी ठरणार होती. तिनं आदल्या दिवशी सासूला दोनदा सांगितलं होतं, "आत्ती, उद्या मध्ये बोलू नका." आणि तेही किती गोड आवाजात.

कोठी म्हणजे पत्र्याचं अजस्र पिंप, जवळजवळ पूर्ण जमिनीत गाडलेलं. उसाचा चोथा वाळवून, दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या तिच्यात साठवत आणि बॉयलरला जाळत. दमट हवेनं त्या भिंतीला चिकटून ढेपा होत, त्या फोडायला माणूस उतरावा लागे. चार पायऱ्यांच्या चौथऱ्यावर कोठीचं झाकण होतं. त्यावर तीन पायांचं तिकाटणं, तिकाटण्याला दोर गुंडाळायचं चक्र, आणि चक्रापाशी अख्तरभाई, धीरजचा जुना जोडीदार.

झाकण उघडलं तेव्हा बाळाक्काला खुर्चीवर बसल्या बसल्या तो वास आला. हळदीचा नव्हता. पण कोंडलेला होता, आणि कोंडलेल्याचा वास ती ओळखत होती.

धीरज दोराच्या पट्ट्यात अडकून कोठीच्या काठावर बसला. "आई, खुर्ची कारखान्याची हाय. सांभाळून बस, मोडशील."

"तू उतर आधी. तू हाईस तोवर मांडवात वारं येईना."

लोक हसले. धीरज खाली गेला. तनुजानं माइक हातात घेतला. हिरवं हेल्मेट, ताठ मान. "कामगार क्रमांक चार, आपण ठीक आहात का?"

"ओ, ठीक आहे," कर्ण्यातून आवाज आला. पडद्यावर त्याच्या कंठीचा आकडा होता, अठ्ठ्याण्णव. मुळीकांनी तक्त्यावर खूण केली.

सुरुवातीला खालून ढेपांवर पहारीचे दणके येत होते. मधूनच धीरज स्वतःशी काहीतरी गुणगुणत होता, आणि तेही कर्ण्यातून ऐकू यायचं. मग गुणगुणणं थांबलं. दणके दोन श्वासांवर येत होते, ते चार श्वासांवर आले. बाळाक्का मोजत होती. ती कधी थांबलीच नव्हती मोजायची.

"कामगार क्रमांक चार, आपण ठीक आहात का?"

"ओ, ठीक आहे." नव्व्याण्णव.

दणका आला नाही.

बाळाक्का उठली. गुलाबाचं फूल खुर्चीवर पडलं. ती चार पायऱ्या चढून चौथऱ्यावर आली. "त्याला स्वतःला बोलायला लाव."

"आत्ती, खाली बसा," तनुजा हलक्या आवाजात म्हणाली. "आकडा नव्व्याण्णव आहे."

"आकडा घाल चुलीत. मला त्याचा ओ पायजे. त्या पट्टीचा न्हाई."

"बाई, आपण पाहुण्या आहात," मुळीक म्हणाले. "परीक्षा चालू आहे."

पाहुणे. हा शब्द ऐकला आणि बाळाक्का थांबली नाही. तिनं तनुजाच्या हातातून माइक हिसकावून घेतला. बाजूला कंठीला वगळून थेट माणसाशी बोलायचं लाल बटण होतं, ते रविवारी बघून ठेवलेलं. दाबलं.

"ए ऐतखाऊ! झोपलास व्हय रं? बायको साहेबीण झाली आन् तू अजून ढेपाच फोडतोयस. त्या बी धड फुटंनात. माझ्या पोटी दगड जन्मला असता तर पायरीला तरी लावला असता!"

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. कर्णा खरखरला. मग धीरजचा आवाज आला, संथ, कापसासारखा. "होय आई. बरोबर हाय तुझं."

बाळाक्कानं माइक तोंडाजवळ ओढला.

"काय म्हणालास?"

"तू म्हणशील तसं, आई."

चाळीस वर्षांत हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आजारपणातसुद्धा नाही. काढा कडू आहे म्हणून ग्लानीतही भांडला होता.

"काढ वर," ती तनुजाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"आत्ती, अहो बोलले ना ते! स्वतः बोलले. आकडा—"

"गोड बोलला! गोड बोलला म्हणून सांगतीय!"

मुळीक पुढं झाले. ते वाईट माणूस नव्हते. शिकवलेलं तेवढंच त्यांना येत होतं. "मॅडम, पुराव्याशिवाय काम थांबवलं तर गुण जातात, तुम्हाला माहीत आहे. यंत्र काय सांगतंय ते बघा."

तनुजानं पडद्याकडं बघितलं, सासूकडं बघितलं. सहा महिने तिनं हाच क्षण पाठ केला होता: नातेवाईक घाबरतात, ओरडतात, त्यांना शांत शब्दांत बाजूला करायचं. ते शब्द तिच्या ओठांवर आलेही.

बाळाक्का तिच्या कानाशी आली. ओरडली नाही. "तुझा सासरा पेवात गेला तेव्हा वर मी बसले हुते. त्या दिवशी व्यापाऱ्याचे पाव्हणे आले हुते. चारचौघांत नवऱ्याला शिवी कशी घालायची म्हणून मी सुनेवानी बोलले. 'अहो, बरं हाय ना?' म्हटलं. ते म्हणाले, 'बरं हाय.' परत इचारलं. म्हणाले, 'बरं हाय, तुझं चालू दे.' कंदील जळत हुता, पोरी. माणूस मेला तरी कंदील जळत हुता."

तनुजानं पडद्याकडं पाठ केली. तिनं माइक ओढून घेतला, बटण दाबलं. कामगार क्रमांक चार म्हणाली नाही.

"धीरज, ऐक. तुझी ती जुनी बुलेट. सकाळी मी भंगारवाल्याला दिली."

ती बुलेट धीरजनं स्वतः सुटी सुटी करून पुन्हा जोडली होती. तिच्यावर कुणी ओला टॉवेल वाळत घातला तरी घरात दोन दिवस अबोला असायचा.

कर्णा खरखरला. "बरं केलंस," धीरज म्हणाला. आणि हसला, अगदी सुखानं.

"अख्तरभाई, ओढा!"

"मॅडम, पुरावा—"

"पुरावा ऐकलात आत्ता कानांनी! सरका तिथनं!" तनुजा किंचाळली. चक्र करकरायला लागलं. बाळाक्का झाकणाच्या कडेवर ओणवी होऊन आत बघायला गेली, तसा तनुजानं तिचा दंड धरून मागं खेचला. "आणि तुम्ही काय वाकताय? एकाला काढायचं तर दुसरी आत पडायची! तिकडं बसा, आणि एक शब्द बोललात तर बघा!"

बाळाक्का मागं झाली आणि पायरीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी तिनं ऐकलं.

दोर संपेचना. मग हेल्मेट दिसलं, मग खाली लोंबणारी मान. त्याला चौथऱ्यावर आडवा केला. डोळे मिटलेले. छाती जेमतेम हलत होती. मुळीकांनी घाईघाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "पण रंग तर चांगला आहे! गाल बघा, लाल आहेत." पडद्यावर आकडा नव्व्याण्णवच होता.

तनुजाच्या मुठीत माइकचं बटण दाबलं गेलं, आणि धीरजच्या निपचित गळ्यावरून, त्याचे ओठ मिटलेले असताना, त्याचाच आवाज आला. "ओ, ठीक आहे."

तनुजानं कंठी ओरबाडून काढली. तिच्या बोटांना चिकटलेली ती पुन्हा म्हणाली, "ओ, ठीक आहे." तिनं ती खाली फेकली.

"लाली," ती पुटपुटली. "आत्ती म्हणाल्या होत्या. लाली लावली तर." आणि मग मोठ्यानं, "कार्बन मोनॉक्साइड! कांड्यांतनं निघालाय. प्राणवायूचा मुखवटा आणा! नळकांडं पूर्ण उघडा!"

अँब्युलन्समध्ये तिनं डॉक्टरांना जे सांगितलं ते बाळाक्कानं ऐकलं, आणि तिला ते पुस्तकवाल्यांपेक्षा चांगलं कळलं. वाळलेला चोथा कोंडला की आतल्या आत मंद कुजत-तापत राहतो आणि एक वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, प्राणवायूपेक्षा दोनशेपटींनी घट्ट चिकटतो, आणि असं रक्त काळं पडत नाही, उलट अधिकच लालभडक होतं. दोन रंगांच्या उजेडाला ती लाली खरी वाटते. कंठी खोटं बोलत नव्हती. तिला लाल दिसत होतं, ती लाल सांगत होती. मेंदू मात्र उपाशी मरत होता, आणि मेंदूतून सगळ्यात आधी जातं ते भांडण.

तिकडं प्रकल्पात अख्तरभाईंनी कपाटातलं जुनं वायूचं मीटर काढून कोठीत सोडलं. ते हातभर खाली जायच्या आत कोकलायला लागलं.

दुपारी चारच्या सुमाराला अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर येऊन सांगून गेले, धोका टळला. आणखी पाचेक मिनिटं आत राहिला असता तर सांगता आलं नसतं.

मुळीक बाकावर तक्ता मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "मॅडम, काम थांबवण्याचं कारण लिहायला एक रकाना आहे. त्यात मी काय लिहू? यंत्राचा आकडा तर बरोबर होता."

"लिहा," तनुजा म्हणाली, "कामगार उलट बोलला नाही."

"हे कारण ग्राह्य धरत नाहीत. ठरलेली वाक्यं मोडलीत, बाहेरच्या व्यक्तीच्या हाती माइक गेला. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

"देते. परत हेच लिहायला लावीन. दहा वेळा घ्या परीक्षा, दहा वेळा हेच लिहायला लावीन. आणि मीटर कपाटात ठेवायचा हुकूम कुणी काढला, त्याचं नाव खालच्या रकान्यात लिहा. तो रकाना तरी आहे ना?"

मुळीकांनी कारणाचा रकाना बोटानं शोधला. मग त्यांनी पेन उघडलं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. ते गेल्यावर बाळाक्कानं पदरानं घाम टिपला.

"बरं बोललीस त्याला," ती म्हणाली.

तनुजा गर्रकन वळली. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं, खालून केस सुटलेले. "तुम्ही तर बोलूच नका! लग्न होऊन बारा वर्षं झाली मला. शिव्या रोज ऐकल्या, पण त्या कशासाठी शिकलात हे एकदा तरी सांगितलंत? सासरे पेवात गेले एवढंच मला माहिती. मी सहा महिने त्या भिंतींच्या आत जिवाचं रान करून शिकतेय, माणूस कसा वाचवायचा ते, आणि अख्खं शास्त्र माझ्या स्वयंपाकघरात बसून आमटीला नावं ठेवतंय! पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी त्याला त्या पट्टीवर उतरवलाच नसता. तुमची लाज मोठी, की तुमचा मुलगा मोठा?"

कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. एक परिचारिका बोट ओठांवर ठेवून पुढं आली आणि बाळाक्काच्या नजरेनं तिथंच थबकली.

बाळाक्का बसूनच होती. पस्तीस वर्षांपूर्वी पाव्हण्यांसमोर शिवी गिळलेली ती तरुण सून तिला आठवली, जिला असं कुणी बोललं नव्हतं. बोलायला हवं होतं. आतून काचेपलीकडं धीरजचा खोकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुणावर तरी खेकसल्याचा. बहुतेक मुखवटा टोचत होता. दोघींनी एकदमच तिकडं बघितलं. तनुजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, सासूवर रोखलेलं बोट खाली आणलं नाही.

बाळाक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनेच्या डोक्यावरचं हेल्मेट दोन्ही हातांनी सरळ केलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून आवळला.

"चुकले," ती म्हणाली. हा शब्द कसा म्हणतात हे ती जणू तेव्हाच शिकत होती. मग तिचा आवाज नेहमीच्या जागी आला. "आन् आता ऐक. त्या माणसाचा कागद येईल तेव्हा येईल. सहा महिने घरात भिंत घेऊन बसले हुते, आज सून परत आली. माझ्याकडनं तू पास. यापुढं कोठीच्या तोंडावर तू बसायचं. आन् परत कधी मला 'नोंद घेतली' म्हणालीस ना, तनुजा, तर कुठं बी असशील तिथनं मी तुला दोर लावून वर ओढीन."

"ओढून तर बघा," तनुजा म्हणाली.

"हां," बाळाक्का म्हणाली. "अशी बोल."